डीसीपी किती कमी करायचं? ब्रॉयलरच्या खाद्यातलं एन्झाइम आणि चुकलेली वजाबाकी

प्रश्न: खानापूर तालुक्यात (जि. सांगली) माझं 5,000 ब्रॉयलरचं शेड आहे. प्री-स्टार्टर (पिल्लांचं पहिलं खाद्य) कंपनीचं घेतो. स्टार्टर आणि फिनिशर (त्यानंतरचं आणि शेवटचं खाद्य) घरी 500 किलोच्या उभ्या मिक्सरमध्ये बनवतो. आधीचं स्टार्टर टनाला असं होतं: मका 565, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) 360, तेल 30, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 18, चुनखडी 12, मीठ-मिनरल-ॲमिनो ॲसिड वगैरे मिळून 15 किलो. या बॅचला औषधवाल्याच्या सांगण्यावरून फायटेज एन्झाइम (ग्रॅमला 5000 एफटीयू; एफटीयू हे त्याच्या ताकदीचं एकक) 100 ग्रॅम आणि कॉकटेल (अनेक एन्झाइमचं मिश्रण) 500 ग्रॅम टाकलं. त्याच्याच सल्ल्याने डीसीपी 18 वरून 8 केलं, चुनखडी 22 केली, तेल 20, सोया 340, आणि 30 किलो डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) घातली. 19 व्या दिवशी साठेक पक्षी बसके झाले, चोच दाबली तर वाकते. गादी (पक्ष्यांखालचा भुसा) ओली आहे, वजनं मागे आहेत. औषधवाला म्हणतो डोस दुप्पट करा आणि लिक्विड एन्झाइम पाण्यातूनही द्या. एन्झाइम बंद करू का? डीसीपी नक्की किती कमी करता येतं?

उत्तर: एन्झाइमचं काय करायचं ते पुढच्या बॅचला ठरवू. आज हातात असलेलं स्टार्टर मात्र बंद करा आणि जुन्या हिशेबाचं, 18 किलो डीसीपी आणि 12 किलो चुनखडीचं खाद्य आजच घाला. तुमच्या पक्ष्यांना फॉस्फरस कमी पडलाय आणि कॅल्शियम जास्त झालंय. दहा दिवस कंपनीचं प्री-स्टार्टर, मग तुमचं स्टार्टर, आणि आठ-नऊ दिवसांत पक्षी खाली बसले. वेळ बरोबर जुळते.

डोस दुप्पट करायचा सल्ला बाजूला ठेवा. फायटेज स्वतः फॉस्फरस तयार करत नाही. मका आणि सोयामधला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, कोंबडीला तो जेमतेम पचतो. फायटेज त्यातला काही भाग सोडवतं, एवढंच. गाठोड्यात जेवढं आहे त्याहून जास्त सुटणार नाही, आणि डोस दुप्पट केला म्हणून सुटणारा फॉस्फरसही दुप्पट होत नाही.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. मक्यात पचणारा फॉस्फरस साधारण 0.08 टक्के, म्हणजे 565 किलोत 0.45 किलो. सोयात 0.23 टक्के धरला तर 360 किलोत 0.83 किलो. चांगल्या डीसीपीत 18 टक्के फॉस्फरस, म्हणजे 18 किलोत 3.24 किलो. बेरीज 4.5 किलो, टनाला 0.45 टक्के. स्टार्टरला एवढाच लागतो, तुमचं जुनं खाद्य नेमकं बसलेलं होतं. कॅल्शियम मोजलं तर तेही 1 टक्क्याच्या आसपास येतं.

आता नवं खाद्य. मका तेवढाच, 0.45. सोया 340 किलो, 0.78. डीओआरबीतून नावापुरता 0.06, कारण तिच्यातला बहुतेक फॉस्फरस फायटेटमध्येच अडकलेला असतो. डीसीपी 8 किलो, 1.44. बेरीज 2.73 किलो. म्हणजे 0.27 टक्के. 500 एफटीयूला चांगलं फायटेज 0.10 ते 0.13 टक्के फॉस्फरस सोडवतं असं धरा, तर सगळं जुळून आलं तरी 0.37 ते 0.40. मुळातच तूट.

आणि तुमच्याकडे सगळं जुळून आलेलं नाही. खरी गडबड चुनखडीत आहे. डीसीपीची जागा भरायला 10 किलो चुनखडी वाढवली, तिने खाद्यातलं कॅल्शियम 1.14 टक्क्यावर नेलं. फायटेजचं काम मुख्यतः अन्नपिशवीत आणि गिझर्डमध्ये (दाणा दळणाऱ्या पोटात), आंबट वातावरणात चालतं. चुनखडी तिथला आम्लपणा मारते, आणि जास्तीचं कॅल्शियम फायटेटला चिकटून असा साका करतं की त्यावर एन्झाइमला तोंडच घालता येत नाही. म्हणजे ज्या खाद्यात तुम्ही फायटेजवर सगळ्यात जास्त विसंबलात, त्याच खाद्यात त्याचे हात बांधले. कॅल्शियम आणि पचणारा फॉस्फरस यांचं प्रमाण दोनास एक हवं. तुमच्या पक्ष्यांना ते तिनास एक किंवा त्याहून वाईट मिळालं असणार. औषधवाल्याची वजाबाकी चुकली, भर घालताना बेरीजही चुकली.

बसलेल्या पक्ष्यांसाठी: खाद्य बदललं की पाण्यातून व्हिटॅमिन डी3 चार-पाच दिवस द्या, डोस बाटलीवरचा. नुसतं कॅल्शियमचं लिक्विड कोणी आणून दिलं तर परत करा, त्याने दुखणं वाढेल. द्यायचंच असेल तर फॉस्फरस असलेलं द्या. जे अजून उठून खाद्यापर्यंत जातात ते आठवड्याभरात सावरतात. जे ढोपरावर सरकतात ते वेगळे काढा, त्यांच्यासाठी खाद्य-पाणी खाली ठेवा. पाय वाकडे झालेले पक्षी मात्र सरळ होत नाहीत. दोन-तीन ताज्या मेलेल्या पक्ष्यांच्या पायाच्या नळ्या (लांब हाडं) पशुवैद्यकाला दाखवा. निरोगी नळी कट्टकन मोडते, ही रबरासारखी वाकेल. उभी चिरली तर वाढीचा पांढरा पट्टा रुंद दिसेल. फॉस्फरसची तूट की कॅल्शियमची, हे त्या पट्ट्यावरून जाणकार डॉक्टर सांगू शकतो.

उरलेल्या स्टार्टरचं अर्धा किलो नमुना म्हणून राखून ठेवा, फेकू नका. शिरवळचं (जि. सातारा) क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ आहे. तिथल्या पशुपोषण विभागात चौकशी करा, नाहीतर एखाद्या खासगी फीड लॅबमध्ये कॅल्शियम आणि एकूण फॉस्फरस तपासून घ्या. लॅब एकूण फॉस्फरस देते, पचणारा नव्हे, त्यामुळे आकडा वाचताना घोळ होतो. तुमच्या जुन्या खाद्याचा एकूण फॉस्फरस 0.71 टक्के यायला हवा, या बिघडलेल्या खाद्याचा 0.57 च्या जवळ. याहूनही खाली आला, तर संशय डीसीपीवर घ्या. बाजारात चुनखडी मिसळलेलं डीसीपी सर्रास मिळतं. चमचाभर डीसीपी काचेच्या बशीत घ्या, हातमोजे घालून मोकळ्या हवेत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे काही थेंब टाका. चांगलं डीसीपी फारसं फेसाळत नाही. सोडा वॉटरसारखं फसफसलं, तर तुम्ही डीसीपीच्या भावाने चुनखडी विकत घेतलीत.

आता पुढची बॅच. तुम्ही एकाच वेळी सात गोष्टी बदलल्या, म्हणून कशाने काय झालं हे शोधायला एवढं गणित करावं लागलं. पुढच्या बॅचला फक्त फायटेज घ्या. 5000 एफटीयूचं असेल तर टनाला 100 ग्रॅम, म्हणजे किलोला 500 एफटीयू. (2500 चं असेल तर 200 ग्रॅम, 10000 चं असेल तर 50.) त्याबदल्यात डीसीपी 18 वरून 13 करा, त्याहून खाली नको. चुनखडी 12 च ठेवा. मोकळ्या झालेल्या 5 किलोत मका घाला, मका 570. याने पचणारा फॉस्फरस 0.46 टक्के आणि कॅल्शियम, फायटेजने सोडवलेलं धरून, 0.97 टक्के पडतं. शिवाय 5 किलो मक्याची किलोमागे 16-17 किलोकॅलरी ऊर्जा फुकटात. फिनिशरलाही हाच नियम, डीसीपी आहे त्यातून 5 किलो कमी, आणि चुनखडीला हात नाही.

यातून सुटतं किती, तेही पाहा. पक्ष्यामागे स्टार्टर किलोभर आणि फिनिशर दोन किलो धरलं तर 5,000 पक्ष्यांना 15 टन खाद्य. डीसीपी वाचलं 75 किलो, म्हणजे दीड गोणी. फायटेज लागलं दीड किलो. तुमच्या दुकानदाराच्या भावाने दीड गोणी डीसीपीची किंमत काढा, त्यातून दीड किलो फायटेजची वजा करा. उरतं ते तुमचं. साठ बसक्या पक्ष्यांच्या शेजारी ती रक्कम मांडून बघा. फायटेज फायद्याचं आहेच, पण जो कोणी त्यात घबाड दाखवतो तो तुमच्या डीसीपीच्या गोणीतून ते काढतोय. मुळात हे एन्झाइम 1991 साली नेदरलँड्समध्ये बाजारात आलं तेव्हा ओढ खाद्य स्वस्त करण्याची नव्हती; डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेतून जमिनीत-पाण्यात जाणारा फॉस्फरस कमी करायचा होता.

कॉकटेलबद्दल. पाकिटाच्या मागची बाजू वाचा. झायलनेज इतके युनिट प्रति ग्रॅम, मॅननेज इतके, प्रोटिएज इतके, असं लिहिलेलं असेल तर विचार करा. नुसतं 'झायलनेज, सेल्युलेज, अमायलेज, प्रोटिएज, पेक्टिनेज युक्त' असेल तर ठेवून द्या. युनिट असले तरी दोन कंपन्यांच्या झायलनेजचे आकडे एकमेकांशी ताडू नका. प्रत्येकाची मोजायची पद्धत, तापमान आणि सामू वेगळा असतो. फायटेजचं त्यामानाने बरं आहे, एफटीयूची व्याख्या बहुतेक ठिकाणी एकच, 37 अंश आणि सामू 5.5 ला मोजलेली.

झायलनेजचा खरा जोर दिसतो गहू किंवा बार्लीच्या खाद्यात. गव्हातले विरघळणारे तंतू आतड्यात चिकट खळ करतात, ती खळ हे एन्झाइम मोडतं. मका-सोयाच्या खाद्यात अशी खळ फारशी होतच नाही, त्यामुळे फायदा असतो पण थोडा. किलोला 40-50 किलोकॅलरी धरणं हे आमच्या मते धाडसाचं टोक आहे. तुम्ही 10 किलो तेल आणि 20 किलो सोया काढून 30 किलो डीओआरबी घातली. यात किलोमागे सुमारे 80 किलोकॅलरी गेल्या. कोणतंही कॉकटेल मका-सोयावर एवढं भरून देणार नाही. तेल 30 च ठेवा. फायटेजची परीक्षा (शेवटी सांगितलेली, तीन बॅचची) नीट निघाली की त्यापुढच्या बॅचला फक्त फिनिशरमध्ये झायलनेज घेऊन तेल 4 किलोने कमी करून बघा. डीओआरबी स्टार्टरमध्ये नको. फिनिशरमध्ये 30 किलोपर्यंत, तीही तूस न मिसळलेली. हातात चोळल्यावर खरखरीत लागली तर समजा की भातगिरणीतलं सगळंच त्यात आलंय.

गवार कोरमा (गवार गम काढून उरलेली पेंड) वापरायची वेळ आली तर गोष्ट वेगळी. त्यातल्या गॅलॅक्टोमॅननने विष्ठा चिकट होते आणि तिथे बीटा-मॅननेज खरंच कामाला येतं. तुमच्या खाद्यात कोरमा नाही, त्यामुळे त्याचे पैसे आत्ता देऊ नका.

सोया 20 किलोने कमी केला त्याचाही हिशेब आहे. डीओआरबी धरूनही प्रथिनं जवळपास अर्ध्या टक्क्याने उतरली आणि लायसिन (एक ॲमिनो ॲसिड) टनाला 380 ग्रॅमने. ते भरायला एल-लायसिन टनाला अर्धा किलो वाढवावं लागलं असतं, ते कोणी सांगितलं नाही. 'प्रोटिएज आहे ना' असं उत्तर मिळेल. प्रोटिएजने चांगल्या सोयाचं पचन थोडं सुधारतं. कच्चा राहिलेला सोया त्याने शिजत नाही. म्हणून सोयाची गाडी उतरवतानाच युरिएजची (सोया कच्चा आहे का हे सांगणारी) तपासणी करा. युरिया आणि फिनॉल रेडचं तयार द्रावण मिळतं. बशीत सोया पातळ पसरून त्यावर ओता, पाच मिनिटं थांबा. तुरळक लाल ठिपके आले तर माल चांगला. अर्ध्याहून जास्त भाग लाल झाला तर कच्चा, परत पाठवा. अजून अर्धा तास थांबूनही एकही ठिपका आला नाही तर जळालेला असण्याची शक्यता, त्यातलं लायसिन मेलेलं असतं. (आपल्या धंद्यात 'डीओसी' म्हणजे पेंडही आणि एक दिवसाचं पिल्लूही. गाडी सांगताना कोणती ते स्पष्ट सांगा.)

ओल्या गादीचं सगळं बिल एन्झाइमवर किंवा डीओआरबीवर फाडू नका. ऊर्जा कमी पडली की पक्षी जास्त खातो, जास्त पितो, जास्त घाण करतो, हे खरं. पण आधी पाण्याच्या निपलची उंची आणि गळती बघा, मिठाचं वजन पुन्हा करा (मीठ टनाला 3 किलोच्या आसपास हवं, आणि खाण्याचा सोडा वेगळा घालत असाल तर त्यातलं सोडियमही धरायला हवं), आणि नारिंगी किंवा रक्ताळलेली विष्ठा दिसली तर कॉक्सिडिओसिससाठी (आतड्यातल्या परजीवीचा रोग) डॉक्टरांना बोलवा. त्यात दिवस घालवू नका.

पाण्यातून लिक्विड एन्झाइम? नको. पक्षी किती पिईल ते उन्हावर ठरतं, टाकीत ब्लीचिंग किंवा ॲसिडिफायर असतं, आणि खाद्याशी नीट मिसळलेलं नसेल तर एन्झाइमने काम कशावर करायचं? पाण्यातल्या एन्झाइमच्या भरवशावर खाद्यातलं डीसीपी ग्रॅमनेही कमी करता येत नाही.

शेवटचा मुद्दा मिसळण्याचा, आणि हा तुमच्या मिक्सरपुरता फार महत्त्वाचा आहे. तुमचा मिक्सर 500 किलोचा, म्हणजे फायटेज लागणार 50 ग्रॅम. दोन-चार काडेपेट्यांएवढी पावडर अर्ध्या टनात सरळ ओतली तर एका गोणीत ती जास्त, दुसऱ्या गोणीत जवळपास नाही. आठवड्याचं खाद्य एकाच गोणीतून खाणारा कोपरा मग बसतो आणि बाकी शेड ठणठणीत असतं. 50 ग्रॅम तोलायला वेगळा काटा घ्या, किराण्याचा नव्हे, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. 50 ग्रॅम फायटेज साधारण अर्धा किलो बारीक मक्याच्या पिठात कालवा. ते पाच किलो भरड्यात हाताने नीट मिसळा. मिक्सरमध्ये अर्धा मका गेल्यावर ही पाच किलोची खेप टाका, मग सोया, मग उरलेला मका, आणि तेल सगळ्यात शेवटी. शेवटची वस्तू पडल्यावर उभा मिक्सर 12 ते 15 मिनिटं चालू द्या. लाईट गेली तर खाद्य काढू नका, लाईट आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ फिरवा. खालच्या नळातून निघणारे पहिले 20-25 किलो परत वर टाका. तिथे न मिसळलेला माल साचतो.

कोलीन क्लोराईड, मोरचूद आणि ट्रेस मिनरल एन्झाइमबरोबर एका बादलीत कालवू नका. कोलीन ओल धरतं, धातूंचे क्षार एन्झाइम मारतात. ते दुसऱ्या बादलीतून, वेगळ्या वेळी मिक्सरमध्ये जाऊ द्या. तयार खाद्यात ते एकत्र आले तरी सुके असतात आणि पाच-सात दिवसांत संपतात, तेवढं चालतं. मॅश (भरड) खाद्य असल्याने तुम्हाला पेलेटच्या (दाबून केलेल्या गोळ्यांच्या) वाफेची चिंता नाही. उद्या कोणाकडून पेलेट करून घेतलंत तर साधं एन्झाइम 80-85 अंशाला टिकत नाही, उष्णता सोसणारं किंवा आवरणाचं मागा आणि ते लेबलवर लिहिलेलं पाहा.

पाकीट शेडच्या फळीवर ठेवू नका. पत्र्याखाली उन्हाळ्यात जे तापमान होतं त्यात काही महिन्यांत पाकिटावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, हवाबंद डब्यात ठेवा, फोडल्याची तारीख वर लिहा, आणि दोन बॅचला पुरेल एवढंच आणा. आणि मिसळणाऱ्या माणसाला मास्क द्याच. एन्झाइमची धूळ रोज नाकात गेली तर दमा लागू शकतो. हा त्रास हळूहळू येतो म्हणून कोणी त्याचा संबंध लावत नाही.

फरक पडला की नाही हे कसं ओळखायचं? एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं घ्या. शेडच्या मध्ये जाळी लावून 1,000-1,000 चे दोन कप्पे करा. एकाला जुनं खाद्य, दुसऱ्याला फायटेजचं. पाच जागांवरून दहा-दहा असे 50 पक्षी दर आठवड्याला त्याच वेळी तोला, खाद्याच्या गोण्या कप्प्यागणिक वहीत लिहा, मर वेगळी लिहा. एफसीआरमध्ये (एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य) दोन-तीन पॉइंटचा, म्हणजे 0.02-0.03 चा फरक एका बॅचमध्ये दिसला तर तो पंख्याच्या जागेमुळेही असू शकतो. कप्पे अदलाबदल करून तीन बॅच बघा. फायटेजच्या बाबतीत तुम्हाला वजन वाढलेलं दिसायची गरजच नाही: 5 किलो डीसीपी कमी करून दोन्ही कप्पे सारखे आले, 21 व्या दिवशी दोन्हीकडची नळी कट्टकन मोडली, की ते काम करतंय. त्यानंतरच झायलनेजचं पाकीट उघडा.